कोयनेचं पाणी जाईल तिकडे

माझं आजोळ कराड. त्यामुळे कोयना आमची, ती महाबळेश्वरला निघते, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग कृष्णेबरोबर सांगली, कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात जाते, हे डोक्यात लहानपणापासून पक्कं. ऑफिसातली एक मैत्रीण चिपळूणची. ती म्हणायची, कोयनेचं पाणी आमच्या वाशिष्ठीत येतं आणि अरबी समुद्रात जातं, तुमच्याकडे जातं ते उरलंसुरलं. यावरून डब्याच्या वेळेला आमचं कितीदा वाजलंय याची मोजदाद नाही.

गंमत अशी की दोघींचंही खरं आहे. नदी म्हणून कोयना पूर्वेला जाते, पण धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवतात, वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. नकाशावर हे सगळं दिसतं. पण मला ते गाडी चालवत बघायचं होतं, उगमापासून कराडपर्यंत, मग मागे फिरून धरणाशी, तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि शेवटी दाभोळला खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत. घरात विचारून पाहिलं. नवरा म्हणाला पाणी बघायला एवढं पेट्रोल? मुलगी म्हणाली तिथे करायचं काय पण? मग म्हटलं जाऊ दे, एकटीच जाते. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, कारण अशा प्रवासात सोबत असली की माणूस तिच्या भुकेवर आणि तिच्या कंटाळ्यावर चालतो.

वेळ निवडली ऑक्टोबरची, पाऊस ओसरल्यावर. पावसाळ्यात हे घाट धुक्यात आणि दरडींत असतात, उन्हाळ्यात जलाशय तळाला जातो आणि काठावर नुसता लाल मातीचा पट्टा दिसतो. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं, डोंगर हिरवे आणि कोकणात भातकापणी. तोटा एकच, खड्डे अजून बुजवलेले नसतात. गाडी माझी जुनी हॅचबॅक. गॅरेजवाल्याला सांगितलं बाबा घाट उतरायचेत, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नीट बघ, वायपरचे रबर बदल, स्टेपनीत हवा भर. त्याने वर कूलंटही टॉप अप करून दिलं. बाकी तयारी म्हणजे मॅप ऑफलाइन डाऊनलोड करून घेतला, रोख पैसे, पाण्याचा कॅन, टॉर्च, आणि एक नियम, अंधार पडल्यावर घाटात गाडी न्यायची नाही. हा नियम पूर्ण प्रवासात पाळला, आणि एकट्या बाईने निघायचं तर तो मला हेल्मेट सीटबेल्टइतकाच गरजेचा वाटतो. अजून एक म्हणजे स्वच्छतागृह. जिथे बरा पंप किंवा बरं हॉटेल दिसेल तिथे गरज असो नसो थांबायचं, हे बायकांना वेगळं सांगायला नकोच.

पुण्याहून वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, त्यावर काय लिहिणार. महाबळेश्वरच्या बाजारात थांबले नाही, पॉइंटवर तर अजिबातच नाही. एका पॉइंटवर उभं राहून जे दिसतं ते पाच किलोमीटर पुढच्या कुठल्याही वळणावर फुकट आणि गर्दीशिवाय दिसतं हे माझं ठाम मत आहे. सरळ क्षेत्र महाबळेश्वरला गेले. तिथलं पंचगंगेचं देऊळ, काळ्या दगडाचं, आत गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्या इथे उगम पावतात अशी श्रद्धा, शिवाय भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकट होते म्हणतात. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं, मी मनात म्हटलं यातलं कोयनेचं किती आणि कृष्णेचं किती कोण जाणे. पण बाहेर येऊन कठड्याशी उभं राहिलं की या जागेचा मान का ते कळतं. एकाच पठारावर पडलेला पाऊस, सावित्री पश्चिमेला कोकणात उडी मारते, कृष्णा पूर्वेला वाईकडे, वेण्णा मेढ्यावरून साताऱ्याकडे आणि कोयना सरळ दक्षिणेला, सह्याद्रीच्या रांगेला समांतर. आपल्याकडच्या मोठ्या नद्या घाटमाथ्यावरून निघाल्या की पूर्वेला पळतात, ही मात्र हेळवाकपर्यंत साठेक किलोमीटर दक्षिणेलाच जाते आणि मग काटकोनात वळून कराडकडे. तिच्या या हट्टामुळेच पुढचा सगळा उद्योग शक्य झाला, कारण ती कोकणाच्या कड्याला अगदी खेटून वाहते.

महाबळेश्वर ते तापोळा साधारण पंचवीस तीस किलोमीटर, सगळा उतार. सुरुवातीला स्ट्रॉबेरीची शेतं, ऑक्टोबरात नुकती रोपं लावलेली, वाफ्यांवर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर चमकत होता. मग झाडी, मग एका वळणावर एकदम खाली पाणी दिसलं. शिवसागर. कोयना धरणाचा हा जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब आहे आणि वरून बघितला तर पंजा उघडून ठेवावा तसं पाणी प्रत्येक खोऱ्यात शिरलेलं. गाडी बाजूला घेऊन तिथे बराच वेळ बसले. मागून एक टेम्पोवाला थांबला, गाडीत काय बिघाड झालाय का विचारायला. म्हटलं नाही हो, बघत बसलेय. तो पण दोन मिनिटं उतरला, बिडी पेटवली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आमचं जुनं गाव त्या खाली हाय." आणि गेला.

तापोळ्यात एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी उतरले. "एकट्याच आलाय व्हय ताई?" हा प्रश्न तिथे पहिल्यांदा आला आणि मग प्रवासभर येत राहिला. विचारण्यात खोच नव्हती, काळजी होती, आणि बऱ्याचदा त्यामुळे जेवण जास्त मिळालं. रात्री नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, तळलेला मासा जलाशयातलाच. घरमालकांचे वडील ऐंशीच्या पुढचे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते पोरसवदा होते. ते सांगत होते की भाताची चांगली खाचरं तर नदीकाठीच होती, ती सगळी गेली, काही लोक लांब दुसऱ्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या तिकडे गेले, काहींना नीट मिळाल्याच नाहीत, आणि जे वर सरकून राहिले त्यांची पोरं मुंबईला माथाडीत गेली. या खोऱ्यातल्या जवळपास प्रत्येक घराचा एक पाय मुंबईत आहे, गणपती आणि जत्रेला गाव भरतं आणि एरवी म्हातारीकोतारी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या शेतांचे बांध उघडे पडतात म्हणाले. मी विचारलं तुम्ही जाता का बघायला. म्हणाले, "जातो की. मोजून येतो, हायत का अजून."

आता इथे रस्त्याचा घोळ सुरू होतो. मला नदीबरोबर दक्षिणेला धरणापर्यंत जायचं, पण तापोळ्याच्या खाली जलाशयाच्या काठाने गाडीरस्ता नाही. दोन्ही बाजूला जंगल, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. वासोटा किल्ला त्याच पट्ट्यात, तिकडे बोटीने जातात, वनखात्याची परवानगी काढून. एकटीने जंगलात चढायची मला हौस नाही त्यामुळे तो नाद सोडला. म्हणजे मग पाण्याची संगत सोडून पूर्वेला साताऱ्यावर चढायचं, हायवेने कराड गाठायचं आणि तिथून उलट दिशेने नदीच्या काठाने धरणाकडे यायचं, असा मोठा वळसा. सरळ रेषेत जे अंतर बोटीने काही तासांचं, ते गाडीला एवढं लांब.

त्याआधी तराफा. तापोळ्याहून पलीकडे बामणोलीच्या बाजूला गाड्या तराफ्यावर घालून नेतात. म्हणजे एक सपाट लोखंडी डेक, त्याला इंजिन, आणि पुढे एक फळी जी काठावर टेकवतात. माझ्या आधी एक जीप, दोन मोटारसायकली आणि पेंडीची पोती चढली होती. उतार ओला मातीचा, मग लोखंडी फळी, मग डेक. तराफ्यावरचा पोरगा, असेल वीस बावीसचा, हाताने खुणा करत होता, "येऊ द्या येऊ द्या, डावीकडं मारा, बास बास, आता सरळ करा." चाक फळीवर चढताना धडाड आवाज झाला, माझा पाय क्लचवर थरथरत होता. वर चढल्यावर त्याने सांगितलं गाडी बंद करा, हँडब्रेक वढा आन् फर्स्ट गिअरमदी ठेवा. चाकाखाली दगड लावला. मग मी उतरून कठड्याशी उभी राहिले आणि तेवढ्या अंतरात कळलं की हे पाणी किती खोल आणि किती शांत आहे, इंजिनाच्या मागच्या फेसाशिवाय हालचालच नाही. नदी इथे आहे हे फक्त माहीत असतं, वाहणं कुठेच दिसत नाही. जीपमधल्या बायका तालुक्याला दवाखान्यात निघाल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "तुमाला मज्जा वाटती, आमाला रातच्याला कुणी आजारी पडलं की कळतं." पूल व्हायला हवेत, आणि काम सुरूही आहे, आपल्या फोटोंसाठी तराफा टिकावा असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

बामणोलीवरून चढून कास. फुलांचा बहर सरत आलेला, तरी सड्यावर कुठे कुठे निळे जांभळे ठिपके होते. गर्दी कमी म्हणून बरं वाटलं. कासचा तलाव साताऱ्याला पाणी देतो, तो बघितला, मक्याचं कणीस खाल्लं आणि निघाले. सातारा ते कराड हायवे, चहा, टोल, ट्रक, संपलं.

कराडला मामाकडे मुक्काम. मामाने दारातच विचारलं एकटीच? आणि मग मामीने त्याला आत ढकललं. संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेले. लहानपणी इथे फक्त भेळेसाठी यायचो, त्यामुळे नद्यांकडे नीट कधी बघितलंच नव्हतं. इतर संगमांवर एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते, इथे कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना दक्षिणेच्या अंगाने अशा जवळजवळ समोरासमोर येतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच, काठावर. समाधीच्या बाजूला बसून मी मामाला विचारलं की मामा, ही जी कोयना इथे येतेय ती नेमकी कुठली? मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, त्याला असा प्रश्न म्हणजे पर्वणी. त्याने सांगितलं, धरणाच्या पायथ्याला एक छोटं वीजगृह आहे, ४० मेगावॉटचं, त्यातून नदीत २,१०० क्युसेक सोडतात ते पाणी, पेपरात दरवर्षी वाचतेस ना तेच. शिवाय धरणाच्या खाली मिळणाऱ्या केरा, मोरणा, वांग. आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की मग काय विचारू नको, मग सांगलीवाल्यांची झोप उडते. धरण १०५.२५ टीएमसीचं. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला विजेसाठी वळवायला मुभा दिली. मी गप्प बसून हिशोब केला आणि मैत्रिणीला मेसेज टाकला, तुझं म्हणणं मान्य, मोठा वाटा तुमचा. तिने उत्तरात नुसता नाचणारा इमोजी पाठवला.

सगळ्या प्रवासात गाडी चालवायला सर्वात सुंदर तुकडा कुठला तर कराड ते कोयनानगर, हे मी छातीठोकपणे सांगेन. लोक महाबळेश्वरला धावतात आणि याला फक्त कोकणात जायचा रस्ता समजतात. सकाळी लवकर निघाले, खोऱ्यात धुकं जमिनीलगत, उसाचे तुरे वर डोकं काढून, कुठे सोयाबीनच्या मळण्या चाललेल्या, रस्त्यावरच पसरलेलं सोयाबीन चुकवत जायचं. आणि इथे एकदाची नदी दिसते हो, वाहणारी, खडकांवरून, काठाला बायका धुणं धुताना, म्हशी. मल्हारपेठ, पाटण. पाटणच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या रांगेने उभ्या. खाली पाण्याची वीज, वर वाऱ्याची, आणि या तालुक्यातल्या वाड्यांवर लाइट गेली की तासन्‌तास येत नाही अशी चहावाल्याची तक्रार. जसजसं पुढे जावं तसं खोरं अरुंद होत जातं, डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. एकटं असण्याचा फायदा इथे घेतला, एका पुलाच्या अलीकडे गाडी लावून काठावर उतरले, पाय पाण्यात सोडून मामीने दिलेल्या धपाट्या आणि दही खाल्लं, आणि पुढच्या माणसाला कंटाळा आला का ते बघायची गरज नव्हती.

कोयनानगरला पोचलं की हवाच बदलते, गार आणि ओलसर. धरण ८०० मीटरहून लांब, १०३ मीटर उंच. सुरक्षेमुळे भिंतीवर सहजासहजी जाऊ देत नाहीत, पण नेहरू उद्यानातून ते समोर दिसतं. मला धरणापेक्षा गावात जास्त रस होता. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर काही मिनिटांनी इथे भूकंप झाला, तीव्रता साडेसहाच्या आसपास, सुमारे १८० माणसं गेली. धरण नुकतंच भरायला लागून काही वर्षं झाली होती, आणि मोठ्या जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात याचं जगात सगळ्यात जास्त दाखला दिलं जाणारं उदाहरण म्हणजे हे गाव. भिंतीला तडे गेले, पण धरण टिकलं, मग ते मजबूत केलं. शास्त्रज्ञ अजून इथे ठाण मांडून आहेत, जमिनीत ३ किलोमीटर खोल बोअर मारून आत काय चाललंय ते मोजतात. नाक्यावर चहा घेताना दुकानदार काकांना विचारलं भीती नाही वाटत? ते म्हणाले, "बारीक धक्के असत्यातच. भांडी वाजली की आमी घड्याळ बघतो आन् परत झोपतो." त्यांच्या वडिलांच्या घराची एक भिंत त्या पहाटे पडली होती, ती बाजू त्यांनी पुढे दगडात बांधलीच नाही, पत्र्याची केली. मुक्काम तिथेच केला. रात्री भांडी वाजली नाहीत, पण मी दोनदा उठून टेबलावरच्या ग्लासकडे बघितलं हे खरं.

सकाळी नवजाकडे ओझर्डे धबधब्यापर्यंत जाऊन आले. या नवजाच्या बाजूलाच जलाशयातून पाणी पश्चिमेला उचललं जातं. उचललं म्हणजे पंपाने नाही, गुरुत्वाकर्षणाने. जलाशयाचा तळ आणि कोकणाची जमीन यांच्यात साडेचारशे मीटरहून जास्त फरक आहे, मध्ये फक्त डोंगराची भिंत. त्या भिंतीतून बोगदा काढला की पाणी आपोआप पलीकडे धावतं आणि खाली डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात टर्बाइनवर आदळतं. पहिल्या दोन टप्प्यांचं पोफळीचं वीजगृह ६०० मेगावॉटचं, तिसरा टप्पा ३२०, चौथा १०००, आणि पायथ्याचे ४० धरून सगळं मिळून १९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी तर भरलेल्या जलाशयाला खालून भोक पाडलं. धरण रिकामं न करता बोगदा तळापर्यंत खणत नेला, शेवटचा खडकाचा थर शिल्लक ठेवला आणि तो १३ मार्च १९९९ ला स्फोटाने उडवला, लेक टॅपिंग म्हणतात त्याला. २०१२ मध्ये परत एकदा केलं. त्या रस्त्यावरून गाडी चालवताना यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, डोंगर आहे, झाडी आहे, माकडं आहेत.

मग कुंभार्ली घाट. हेळवाकला कोयना डावीकडे, म्हणजे कराडकडे वळते आणि रस्ता उजवीकडे कोकणात. घाटमाथ्यावर चहा घेतला आणि उतरायला लागले. दोन वळणांनंतर ढगात. पुढचं काहीच दिसेना, हेडलाइट लो बीमवर, पार्किंग लाइट, काच थोडी खाली म्हणजे समोरून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येतो. सेकंड गिअर, ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही, इंजिनलाच गाडी धरू द्यायची. चढणाऱ्याला वाट द्यायची हे मला वडिलांनी शिकवलंय आणि घाटात अर्ध्या लोकांना ते कुणी शिकवलेलं दिसत नाही. एक मालाने भरलेला ट्रक समोरून हळूहळू वर येत होता, मी डोंगराच्या बाजूला पूर्ण दबून थांबले, ड्रायव्हरने जाताना हात केला. खड्डे होते, चांगले टायर गिळणारे, पण वेग वीसच्या वर नव्हताच त्यामुळे निभावलं. मध्येच ढग फाटला आणि खाली कोकण दिसलं, भाताचे पिवळे चौकोन, कौलं, नारळ. कान बंद झाले. जसजसं खाली यावं तशी हवा चिकट होत गेली, वर स्वेटर होता तो पोफळीला पोचेपर्यंत मागच्या सीटवर.

पोफळी, शिरगाव, अलोरे, हा सगळा पट्टा प्रकल्पाच्या कॉलन्यांचा. कोळकेवाडीचं धरण इथे आहे, वरून वीज करून आलेलं पाणी परत अडवतात आणि त्याच्यावर तिसऱ्या टप्प्यात परत वीज करतात. तिथून सुटलेल्या पाण्याला इथे सगळे अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीत पडतं. एका पुलावर थांबून मी ते बघितलं आणि खरंच अंगावर आलं, कारण ऑक्टोबरच्या उन्हात कोकणातल्या बाकीच्या नद्या खडकात उतरायला लागतात आणि ही मात्र गच्च, गार, धावती. कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, वाशिष्ठीला बारमाही पाणी आहे ते घाटावरच्या पावसाचं. या पाण्याचं पुढे काय करायचं यावर कित्येक वर्षं चर्चा चालू आहे, कुणी म्हणतं मुंबईला न्या, कुणी म्हणतं आधी आमच्या कोकणातल्या शेतीला द्या, आणि तोवर ते समुद्रात जातंय. मी चिपळूणकरांच्या बाजूची आहे, आधी इथल्या वाड्यांना प्यायला द्या मग काय ते बघा.

चिपळूणला मैत्रिणीच्या आईवडिलांकडे उतरले. काकांनी चहाच्या आधी भिंत दाखवली, २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ. माझ्या डोक्याच्या बरीच वर. तळमजल्यावरचं सगळं गेलं, फ्रिज तरंगत होता, ते दोघं वरच्या मजल्यावर रात्रभर. पूर का आला यावर बाजारात चार माणसं उभी केलीत तर पाच मतं मिळतील. प्रचंड पाऊस, त्यात खाडीला भरती, नदीत साठलेला गाळ, आणि वरून सोडलेलं पाणी, यातलं कशाला किती दोष द्यायचा हा तिथे घराघरांतला वाद आहे. काकांचं स्वतःचं म्हणणं शांत होतं, पाऊसच तेवढा होता, पण वीजगृहवाल्यांनी जेव्हा पाणी सोडलं तेव्हा आम्हाला आधी नीट कळायला हवं होतं. पुरानंतर नदीतला गाळ काढायचं काम झालं, पात्र मोकळं दिसतं. जेवायला काकूंनी तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी केली होती. मी रात्री मामाला फोन लावून दिला आणि तो आणि काका अर्धा तास टीएमसी आणि क्युसेकवर बोलत बसले, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं.

संध्याकाळी गोवळकोटच्या धक्क्यावर गेले होते. इथपर्यंत खाडीची भरती येते. पूर्वी गलबतं इथवर यायची. पाण्यात मगरी आहेत, बोटीने दाखवायला नेतात, मला काठावरूनच चिखलावर पडलेली एक दिसली, ओंडकाच वाटला होता. परशुरामाच्या डोंगरावरून मागे वळून बघितलं तर वाशिष्ठीची वळणं, मधली बेटं आणि लांब सह्याद्रीची भिंत, जिच्या पलीकडे ते सगळं शिवसागर भरलेलं आहे, असं एका नजरेत येतं. तिथे मला पहिल्यांदा या सगळ्याचा आकार नीट समजला.

शेवटचा टप्पा गुहागर. चिपळूणहून शृंगारतळीमार्गे, रस्ता वर खाली, दोन्हीकडे भात कापून उडवी रचलेली. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, समुद्रावर चक्कर, आणि मग धोपाव्याला. धोपावे ते दाभोळ फेरीबोट आहे, गाड्या घेऊन जाते, २००३ पासून चालू आहे, आणि तिच्यामुळे चिपळूणवरून फिरून जायचा प्रचंड वळसा वाचतो. तराफ्याच्या अनुभवानंतर मी अगदी सराईतासारखी गाडी चढवली. तिकीट काढलं, वरच्या डेकवर गेले.

माझी समजूत होती की इथे शेवटी पाणी समुद्रात जाताना दिसेल. पण भरती चालू होती. खाडीचं पाणी उलटं, चिपळूणच्या दिशेने आत चाललं होतं, चांगल्या जोरात, नांगरलेल्या होड्यांची तोंडं सगळी समुद्राकडे. शेजारी उभ्या असलेल्या मासेवाल्या मावशींना मी हे सगळं सांगितलं, की मी महाबळेश्वरपासून या पाण्याच्या मागे आलेय आणि आता ते परत मागेच चाललंय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग दुपारनंतर यायचं होतंत. ओहोटी चारनंतर लागेल." मग विचारलं एकट्याच? मग विचारलं सुरमई घेणार का. घरी परत जायला अजून अख्खा दिवस होता आणि गाडीत बर्फ नव्हता, म्हणून सुरमई घेतली नाही, पण त्यांनी सांगितलेल्या खानावळीत दाभोळला जेवले, बांगडा फ्राय, तांदळाची भाकरी, दोन वाट्या सोलकढी, आणि दापोलीच्या रस्त्याला लागले.